सोफ्यामागची खुर्ची

मानेकाका, २००६ सालच्या मे महिन्यात, दुसऱ्या रविवारी दुपारी, मिनियापोलिसमधल्या हॉस्पिटलात तुमचं निधन झालं. त्या वेळी खोलीतल्या टीव्हीवर सकाळी रेकॉर्ड केलेल्या सामन्याचा दुसरा हाफ चालू होता आणि क्लब एका गोलने मागे होता. खोलीत सुमनकाकू, पराग, व्हिन्स आणि मी होतो. सामन्याचा निकाल आमच्यापैकी फक्त मला माहीत होता.

वय, शिक्षण, नोकरी हे सगळं इथल्या मराठी मंडळाच्या ई-मेलमध्ये येऊन गेलं आहे. त्यात क्लबचा उल्लेख नव्हता. कोल्हापूरच्या फाउंड्रीने तुम्हाला तरुणपणी ट्रेनिंगसाठी इटलीतल्या एका बंदराच्या गावी पाठवलं. तिथे तुम्ही स्टेडियमजवळच्या एका बारच्या वरच्या खोलीत राहिलात आणि गावच्या फुटबॉल क्लबचे झालात. त्या क्लबने कधी काही जिंकलेलं नाही. पहिल्या श्रेणीत टिकून राहणं हीच त्याची दरवर्षीची लढाई. पुढे तुम्ही मिनियापोलिसजवळच्या ईडन प्रेरीला आलात, मशीन शॉपमध्ये सुपरवायझर झालात, घरावर डिश बसवून इटालियन चॅनेल घेतलं. एखादा मोठा क्लब का धरत नाही, असं परागने एकदा विचारलं होतं.

"पेठ बदलता येती काय रं?" तुम्ही म्हणालात. "आमच्याकडं माणूस घर बदलतो, बायकोचं ऐकून मिशीसुद्धा काढतो. पेठेची टीम बदलत न्हाई."

"मिशी मी काढायला सांगितली नव्हती," काकू स्वयंपाकघरातून म्हणाल्या.

तिथे रविवारी दुपारी तीनला सामना सुरू होतो तेव्हा मिनेसोटात सकाळचे आठ वाजलेले असतात. त्या वेळी तुमची शिफ्ट असायची. युनिव्हर्सिटीत शिकणारा पराग तिथल्या लॅबमध्ये उंदरांना खायला घालत असायचा. व्हिन्स चर्चमध्ये असायचा. म्हणून सामना व्हीसीआरवर रेकॉर्ड व्हायचा आणि दुपारी तुमच्या बेसमेंटमध्ये सगळे मिळून तो बघायचे. तोवर निकाल कुणी बघायचा नाही, बघितला तर सांगायचा नाही, हा नियम तुम्ही घातला होता. टेप दोन तासांची. हळू वेगावर रेकॉर्ड केलं तर तिच्यावर जास्त मावतं, पण मग बॉल दिसत नाही, असं तुमचं म्हणणं. दोन तासांत सामना जेमतेम बसायचा.

नियम मोडणारी मी एकटीच होते आणि ते सर्वांना माहीत होतं. नागपूरच्या दैनिकात क्रीडा पान लावत होते तेव्हाची सवय. नवऱ्याच्या नोकरीमुळे इथे आले, डिपेंडंट व्हिसावर काम करता येत नव्हतं, पण रविवारी सकाळी कॉम्प्युटर उघडून निकाल बघणं थांबलं नाही. पहिल्याच रविवारी मी जिना उतरले आणि तुम्ही माझ्याकडे पाहून रिमोट खाली ठेवलात.

"हरलोय आपण."

"मी काही बोलले नाही, काका."

"बोलायची काय गरज? तुझा चेहरा म्हणजे पेपर हाय. उघडलेला." मग तुम्ही सोफ्याच्या मागे एक घडीची खुर्ची टाकलीत. "नागपूर, तू हितं बसायचं. मागं. आणि श्वास घेताना बी आवाज करायचा न्हाई."

तेव्हापासून मी नागपूर झाले आणि ती खुर्ची माझी झाली. तिथून सामना नीट दिसत नसे. तुम्ही तिघं मात्र नीट दिसायचात.

व्हिन्सचे आजोबा त्याच बंदरातून अमेरिकेत आलेले. तो स्कूल बस चालवून रिटायर झालेला, आणि त्याला इटालियनचा एक शब्द येत नाही. कॉमेंटेटर काय म्हणतोय ते तुम्ही त्याला इंग्रजीत सांगायचात. कोल्हापूरच्या माणसाने इटालियन माणसाला इटालियन समजावून सांगायचं, यावर पराग दर रविवारी हसायचा. तुम्ही दर रविवारी म्हणायचात, "गप बस लेका." व्हिन्स तेवढं मराठी शिकला. पुढे पुढे परागने तोंड उघडायच्या आधीच तो म्हणायचा, "गॅप बॅस, लेका."

सीझनची सुरुवात चांगली झाली होती. पानगळीच्या दिवसांत क्लब तक्त्याच्या वरच्या अर्ध्या भागात होता आणि काकूंना प्रत्येक रविवारी जिंकल्यावरचा तांबडा रस्सा करावा लागत होता. थँक्सगिव्हिंगनंतर गोल होईनासे झाले. ख्रिसमसनंतर तुमच्या रक्ताच्या तपासणीत कॅन्सर निघाला. त्याच आठवड्यांत क्लब खाली घसरत होता. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नव्हता. परागने तो जोडायचा प्रयत्न केला तेव्हा त्याला झापणारे तुम्हीच होतात.

फेब्रुवारीत तुम्ही मेडिकल लीव्हवर गेलात. रविवारी सकाळी तुम्ही घरी, डिश तुमच्याच छपरावर, चॅनेल चालू, आणि तरी तुम्ही टीव्ही लावत नव्हतात. व्हीसीआर सुरू करून, अंगावर जाड कोट चढवून, बर्फातून कोपऱ्यावरच्या पत्रपेट्यांपर्यंत जायचात आणि परत यायचात. काकूंनी फोन करून मला सांगितलं, "पडतील एखाद्या दिवशी. तू समजव. तुझं ऐकतात."

तुम्ही माझं ऐकत नव्हतात. तो वाद आपण बरेच रविवार घातला आणि तो संपला नाही.

"काका, मॅच होऊन गेलेली असते. तुम्ही बघा किंवा बघू नका."

"झाली कुठं? डब्यात हाय अजून."

"तिकडे लोक जिंकून घरी गेले, जेवले."

"ते त्यांचं."

"मग ब्लड रिपोर्ट का लगेच मागता? डॉक्टर म्हणाला, सोमवारी सांगतो, तर तुम्ही त्याला लॅबला फोन लावायला लावलात."

यावर तुम्ही म्हणालात, "रिपोर्ट माझ्या एकट्याचा हाय. मला पाहिजे तवा बघीन. मॅच सगळ्यांची हाय. ती पोरं यायच्या आधी बघितली तर मी त्यांच्यासंगं बसून काय करू? नाटक?"

मी म्हणाले, "मी दर आठवड्याला तेच करते."

"म्हणून तर तुला मागं बसवलंय."

माझ्याकडे याला उत्तर होतं. वर्तमानपत्रात काम केलेल्या कुणाकडेही असतं. बातमी ज्याची आहे त्याला ती आधी कळली पाहिजे. ते उत्तर मी त्या दिवशी दिलं नाही, कारण परागची गाडी ड्राइव्हवेमध्ये आली होती.

मार्चच्या शेवटच्या रविवारची गोष्ट परागने अंत्यविधीच्या वेळी सांगितली. तिथे हसू आवरेना म्हणून दोघंजण बाहेर गेले. ती अशी. युरोपातली घड्याळं त्या दिवशी एक तास पुढे गेली होती, अमेरिकेतली आठवडाभराने जायची होती. म्हणजे सामना इथल्या सातला सुरू झाला. तुम्ही आयुष्यभर मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत मोजमाप केलेलं, पण व्हीसीआर नेहमीसारखा आठला लावलात. दुपारी टेप सुरू झाली ती थेट दुसऱ्या हाफपासून.

पराग म्हणाला, "काका, हे काय? फर्स्ट हाफ कुठेय?"

तुम्ही सोफ्यावरून उठलात. त्या दिवसांत तुम्हाला उठायला वेळ लागायचा, त्या वेळी लागला नाही. टीव्हीच्या वरच्या कोपऱ्यात स्कोअर दिसतो, तिथे तुम्ही तळहात दाबलात. "आकडा बघू नका. व्हिन्सअण्णा, डोळे बंद. पराग, आवाज बंद कर आधी."

"पण काका, स्कोअर माहीत नसताना मॅच कशी बघणार यार?"

"खेळाडूंच्या वागण्यावरनं कळतंय. पट्टी आण वर्कबेंचवरची."

निळी चिकटपट्टी त्या कोपऱ्यावर लागली आणि तुम्ही तिघांनी आवाज बंद ठेवून, स्कोअर झाकून अर्धा सामना बघितला. आपला गोलकीपर बॉल उचलायला सावकाश गेला तेव्हा तुम्ही मांडीवर थाप मारलीत. "बघ. वेळ काढतोय. म्हणजे पुढं हाय आपण." थोड्या वेळाने त्यांचा गोलकीपरही तितक्याच सावकाश गेला. व्हिन्स म्हणाला, मग तेही पुढे आहेत वाटतं. पराग म्हणाला, टेक्निकली दोघं पुढे असू शकत नाहीत. मी मागे बसून होते. मला माहीत होतं आणि मला ओठ आत ओढून धरावे लागत होते. एकदा तुम्ही मागे न बघता विचारलंत, "नागपूर, जिवंत आहेस न्हवं?"

शिट्टी वाजली. तुम्ही दोन्ही हात वर केलेत आणि आपण एक-शून्य जिंकलो असं जाहीर केलंत. पराग उठून पट्टी काढायला गेला. शून्य-शून्य.

तुम्ही त्या आकड्याकडे बघितलंत. मग म्हणालात, "म्हणजे आपण बी घाबरलेलो आणि ते बी."

तुम्ही स्वतः जिना उतरून बघितलेला तो शेवटचा सामना. एप्रिलमध्ये तुम्हाला दाखल केलं. क्लब मध्येच दोन सामने लागोपाठ जिंकला आणि पुढचे दोन हरला. दर रविवारी पराग टेप घेऊन हॉस्पिटलात यायचा. मुलांच्या वॉर्डातून टीव्ही आणि व्हीसीआरची चाकांची गाडी आणायची परवानगी काकूंनी मिळवली होती. तुम्हाला मूल नव्हतं. पराग तुमच्या घरात स्वतःच्या किल्लीने ये-जा करायचा. खोली छोटी होती, सोफा नव्हता. माझी खुर्ची पलंगाच्या उशाकडे, भिंतीला लागून, म्हणजे तुम्हाला दिसणार नाही अशी.

शेवटच्या रविवारी स्थिती साधी होती. एक गुण मिळाला तर क्लब राहणार. हरला तर दुसऱ्या श्रेणीत जाणार. तो वीकेंड मिनेसोटातला मासेमारीचा हंगाम सुरू होण्याचा. व्हिन्स दर वर्षी त्या दिवशी उत्तरेच्या तळ्यावर असतो, चर्चही चुकवतो. यंदा गेला नाही. पराग आदल्या दिवशीच तुमच्या घरी राहायला गेला. मार्चसारखं पुन्हा होऊ नये म्हणून त्याने रेकॉर्डिंग सामन्याच्या बरंच आधी सुरू केलं आणि टीव्ही बंद ठेवून व्हीसीआरचा लाल दिवा बघत बसला. मी घरी होते. सकाळी निकाल बघितला.

तुमची रात्र वाईट गेली होती. मी खोलीत शिरले तेव्हा तुमचे डोळे उघडे होते. तुम्ही माझ्याकडे बघायचं टाळलंत, भिंतीकडे बोट केलंत आणि म्हणालात, "मागं." तुमचा मला उद्देशून असलेला शेवटचा शब्द हाच. पुढचं बोलणं फक्त काकूंशी झालं, आणि ते त्यांनी सांगितलेलं नाही.

टेप सुरू झाली. आधी जाहिराती, स्टुडिओतली माणसं, परत जाहिराती. पराग पुढे पळवायला लागला तर तुम्ही हात हलवून नको म्हणालात. सामना सुरू झाल्यावर थोड्या वेळाने तुमचे डोळे मिटले. पहिल्या हाफच्या शेवटी त्यांनी कॉर्नरवरून गोल केला. व्हिन्सने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. तुम्ही काही हालचाल केली नाही. मध्यंतरात नर्स आली, तपासलं आणि काकूंना बाहेर नेऊन बोलली. काकू परत आल्या त्या थेट माझ्यापाशी.

"अनघा, तुला ठाऊक हाय न्हवं?"

"हो."

"मग सांग त्यांना. आत्ता."

पराग म्हणाला, "काकू, काकांचा रूल..."

"रूल गेला खड्ड्यात. ती म्हणाली, फार वेळ न्हाई. ऐकू येत असतंय म्हणाली." मग माझ्याकडे वळून, "काय झालंय ते त्यांना कळू दे की गं. वर्षभर त्याच्या मागं लागलेत."

"काकू, ते नको म्हणाले आहेत."

"कधी म्हणाले? चालत होते तेव्हा. आता विचार."

व्हिन्सला शब्द कळत नव्हते, पण कशाबद्दल चाललंय ते कळत होतं. तो इंग्रजीत एवढंच म्हणाला की, निर्णय शशीचा, म्हणजे तुमचा, आहे. पराग खिडकीकडे बघत होता. टीव्हीवर दुसरा हाफ सुरू झाला.

मी खुर्ची उचलली आणि पलंगाच्या बाजूला, तुमच्या कानाशी आणून ठेवली. त्या खोलीत मी पहिल्यांदाच पुढे बसले. वाक्य तयार होतं, अवघ्या चार शब्दांचं. डेस्कवर अशी वाक्यं मी शेकड्याने लिहिली आहेत, कधी हात अडला नाही. मी म्हणाले, "काका, सांगू का?"

तुमचा चेहरा तसाच होता. हात माझ्या हातात होता, त्याने होय किंवा नाही असं काही केलं नाही. मी पुन्हा विचारलं. काकू माझ्या खांद्यावर हात ठेवून मागे उभ्या होत्या.

मी म्हणाले, "काका, मॅच चालू आहे."

एवढंच. त्या खोलीत तेवढं खरं होतं. काकूंनी माझ्या खांद्यावरचा हात काढून घेतला.

त्यानंतर थोड्याच वेळात तुमचा श्वास थांबला. पराग नर्सला बोलवायला धावला आणि व्हिन्सने उठून टेप थांबवली.

काका, हे लिहिताना तुमची बाजू मी तुमच्याइतक्याच जोराने मांडू शकते. मॅच सगळ्यांची. एकट्याला आधी कळली तर बाकीच्यांसोबत बसण्यात अर्थ नाही. पण त्या दिवशी तुम्ही बाकीच्यांसोबत बसणार नव्हतात, आणि ते मला दिसत होतं. मग तो नियम कुणासाठी पाळला? तुम्ही वाद अर्धा टाकून गेलात. तुमच्याकडून एक वाक्य यायचं राहिलं आहे. ते काय असेल, याचा अंदाज बांधायचा मी थांबवला आहे, कारण प्रत्येक वेळी मी ते मला सोयीचं बांधते.

एक गोष्ट मात्र तुमची म्हणून लिहून ठेवते. इथे आल्यावर दोन वर्षं, मी पूर्वी काय करत होते हे कुणी विचारत नव्हतं. पार्ट्यांत लोक नवऱ्याला कंपनीचं नाव विचारायचे आणि मला भाजीची रेसिपी. तुम्ही गणपतीच्या जेवणाच्या रांगेत विचारलंत, "पेपरात होतीस? मग हेडलाइन कोण पाडायचं, तू?" मी हो म्हणाले. तुम्ही म्हणालात, "मग रविवारी ये." त्या घरात माझ्यापासून सगळे सावध असायचे, कारण मला बातमी आधी कळते हे सगळ्यांनी मान्य केलं होतं. मला मागे बसवलं म्हणजे मला माझी जागा दिली होती.

आठवडाभर काकू माझ्याशी बोलल्या नाहीत. अंत्यविधीला मी डबे घेऊन गेले, ते त्यांनी परागच्या हाती दिले. शनिवारी त्यांचा फोन आला.

"उद्या दुपारी या सगळे. टेप व्हिन्सनं जिथं थांबवलीय तिथंच हाय. मी हात लावलेला न्हाई."

मी म्हणाले, "काकू, त्या दिवशी..."

"सांगू नकोस." मला वाटलं त्या माझं बोलणं तोडत आहेत. मग म्हणाल्या, "निकाल सांगू नकोस आता. मला बघायचाय. तुझी खुर्ची मांडून ठेवतो."

पराग आणि व्हिन्स, दोघांनीही आठवडाभर निकाल बघितला नव्हता. परागने लॅबमधल्या इटालियन पोस्टडॉक सहकाऱ्याशी बोलणं बंद ठेवलं होतं. व्हिन्सच्या पुतण्याने फोनवर तो विषय काढला तेव्हा व्हिन्सने फोन ठेवून दिला होता.

काकू सामना बघायला पहिल्यांदाच बसल्या. तुमच्या जागेवर नाही, सोफ्याच्या दुसऱ्या टोकाला. कोपऱ्यातली निळी पट्टी मार्चमध्ये काढली तेव्हाची अजून टीव्हीच्या कडेला चिकटलेली होती. परागने प्ले दाबलं. क्लब एका गोलने मागे. काकूंनी विचारलं, "आपले कुठले?" व्हिन्सने बोट दाखवलं. कॉमेंटेटर काय म्हणतोय हे आता कुणालाच कळत नव्हतं. आपला एक बॉल पोस्टला लागून बाहेर गेला आणि काकू "अगं बाई" म्हणाल्या. मग त्या पुढे सरकून बसल्या. त्यांच्या पाठीवरून मला कळत होतं की आता त्यांना सामन्यातून बाहेर काढता येणार नाही.

कॉर्नर मिळाला. आपला गोलकीपरसुद्धा पुढे आला होता. बॉल ठेवायला खेळाडू वाकला आणि पडदा निळा झाला.

पराग रिमोट दाबत राहिला. मग उठून व्हीसीआरमध्ये वाकून बघितलं. टेप संपली होती. सुरुवातीच्या जाहिराती आणि स्टुडिओतली माणसं यांनी शेवटची मिनिटं खाल्ली होती. "शिट," पराग म्हणाला. "काकू, सॉरी. मी खूप आधी चालू केलं. उशीर होऊ नये म्हणून..." व्हिन्स हळू आवाजात म्हणाला, "गॅप बॅस, लेका," आणि त्याच्या पाठीवर हात ठेवला.

मग तिघंही मागे वळले आणि माझ्याकडे बघायला लागले.

काकू म्हणाल्या, "आता सांग."

मी सांगितलं. त्याच कॉर्नरवर गोल झाला. सामना एक-एक असा बरोबरीत सुटला. क्लब पहिल्या श्रेणीत राहिला.